जहाजावरचा चहा कुणाचा

आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये सध्या मी जहाजाची जाणकार म्हणून प्रसिद्ध आहे. एकदा, फक्त एकदा, क्रूझवर जाऊन आले, त्या भांडवलावर. नांदेडपासून समुद्र एक अख्खी रात्र रेल्वेने दूर, त्यामुळे जहाजात बसून आलेली माणसं इथं अजून कमी. कुणाच्या मुलाने किंवा जावयाने तिकिटं काढली की ती मंडळी आधी माझ्या टेबलापाशी येतात. पोटात ढवळतं का, साडी नेसून चालतं का, शाकाहारी नीट मिळतं का, हे सगळं विचारून झालं की आवाज खाली येतो आणि शेवटचा प्रश्न निघतो. ‘मॅडम, ते ड्रिंक्सचं पॅकेज घ्यावं का हो? परवडतं का?’

आवाज खाली येतो, कारण ड्रिंक्स म्हटलं की आपल्याकडे अर्थ एकच. मग मी समजावते, की बाबांनो, दारूचं पॅकेज वेगळं असतं आणि बिनदारूचं वेगळं असतं. बिनदारूच्यात चहा, कॉफी, सरबत, शहाळं, थंड बाटल्या, दिवसभर हवं तितकं घ्या. जेवणाबरोबरचं पाणी आणि सकाळच्या नाश्त्याचा चहा तिकिटातच येतो. मधल्या वेळी जे काही प्याल त्याला पैसे. तेव्हा घोटाघोटाला पैसे मोजायचे, की आधीच एकरकमी भरून मोकळं व्हायचं, एवढाच प्रश्न आहे. आपण दिवसातून किती वेळा चहा पितो ते बघा आणि ठरवा.

एवढं सांगून मी पुन्हा पेपर तपासायला घेते. खरं उत्तर स्टाफरूममध्ये देण्यासारखं नाही. त्या पॅकेजपायी मी महिनाभर नवऱ्याचं डोकं खाल्लं होतं, आणि प्रश्न परवडण्याचा नव्हताच. माझे वडील माझ्या पैशाचा चहा पितील का, हा प्रश्न होता.

माझं माहेर निलंग्याजवळच्या एका खेड्यात. घरची शेती, सोयाबीन आणि तूर, थोडा ऊस. आमच्याकडे बाप लेकीच्या घरचं पाणी पीत नाही. म्हणजे लेकीला लेकरू होईपर्यंत पीत नाही. पहिलं नातवंड झालं की त्याच्या नावाने पाणी प्यायचं, मग जेवायचं, मग वाटलं तर महिनाभर मुक्काम ठोकायचा. तोवर लेकीला द्यायचं, तिचं घ्यायचं नाही. हल्ली हे पुष्कळांनी सोडून दिलंय. माझ्या एका मैत्रिणीचे वडील तर लग्नाचा मांडव उतरायच्या आत जावयाच्या घरी मटणावर ताव मारून गेले. पण आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, एकदा धरलं की धरलं. घोरपडीने तरी कधी पकड सोडली असेल.

मला लेकरू झालं नाही. नांदेडचे दवाखाने झाले, लातूरचे झाले, हैदराबादचा एक मोठा झाला. सुया, गोळ्या, सोनोग्राफीच्या रांगा, आणि दर खेपेला कुणीतरी सांगितलेलं नवं देऊळ. वर्षं गेली. मग एका दिवशी मी आणि नवरा दवाखान्यातून बाहेर पडलो, समोरच्या गाड्यावर उसाचा रस प्यायलो, आणि आता पुन्हा यायचं नाही असं ठरवलं. दत्तक घेण्याचं बोललो, पण दोघांचाही धीर एका वेळी कधी झाला नाही. आता आम्ही दोघं आहोत, घरात दोन माणसांचा स्वयंपाक होतो, आणि बरं चाललंय. हे लिहिताना माझे डोळे भरून येत नाहीत. एके काळी यायचे.

पण आण्णा घरी यायचे आणि पाणी प्यायचे नाहीत.

ते यायचे तेव्हा एसटी स्टँडच्या हॉटेलात चहा पिऊन यायचे. एका हातात तुरीच्या डाळीची पिशवी, दुसऱ्या हातात पाण्याचं कॅन, त्याला बाहेरून ओलं पोतं शिवलेलं. आत आले की कॅन खुर्चीच्या पायाशी ठेवायचं आणि तहान लागली की त्याचंच झाकण उघडून वरून पाणी तोंडात सोडायचं. सासूबाई होत्या तोवर त्या पेला घेऊन समोर उभ्या राहायच्या. आण्णा हात जोडायचे. ‘तसं न्हाई इहीणबाई, तुमच्या नांदेडचं पानी जरा जड हाय. मला मानवत न्हाई.’ शेजारीपाजारी कुणी असलं तरी हेच. जड पाणी. गोदावरीने यांचं काय घोडं मारलं होतं कुणास ठाऊक.

तेच आण्णा संध्याकाळी गुरुद्वाऱ्यात जायचे आणि लंगरला पंगतीत बसून पोटभर जेवून यायचे. पाणीही तिथलंच, गोदावरीकाठचंच. ‘ते देवाच्या घरचं हाय,’ म्हणायचे. माझा जळफळाट व्हायचा. सगळ्या नांदेडचं पाणी या माणसाला चालतं, एका माझ्याच घरचं चालत नाही. एकदा मी तोंडावर विचारलं, ‘आण्णा, माझ्या घरात काय विष आहे का?’ ते डाळीच्या पिशवीची गाठ सोडत होते. मान वर न करता म्हणाले, ‘तसं न्हाई बाई.’ पुढे काही नाही. आमच्या घरात बाप आणि लेक यांच्यात यापेक्षा लांब बोलणं सहसा होत नाही.

मायचं निराळं होतं. माझी आई माझ्या एका आजारपणात राहायला आली, ती दुसऱ्याच दिवशी ओट्याशी उभी राहून चहा पिताना सापडली. मी बघत राहिले तर म्हणाली, ‘पानी कुठं पिऊन राहिले? च्या हाय.’ त्यानंतर तिने रीत न मोडता माझ्या घरचा चहा, ताक, मठ्ठा, सार आणि एकदा तर आमरसही ओरपला. फक्त पाणी नाही. आणि वर ताकीद, ‘तुझ्या आण्णाला सांगू नको.’ बायका रीत मोडत नाहीत, तिच्या खालून वाकून निघून जातात. माझ्या अंगात ती कला नाही. मला दार उघडूनच आत यायचं असतं, नाहीतर मी दारावर लाथा घालते.

जहाजाचं खूळ मायच्याच डोक्यातलं. मोबाईलवर तिला कुठलासा व्हिडिओ दिसला, प्रचंड मोठं जहाज, त्यावर पोहण्याचा तलाव, त्यात माणसं डुंबतायत. तिने मला फोन लावला. ‘चहूकडं इतकं पानी हाय, अन् वर आनिक हौद कशाला बांधला गं?’ मी म्हटलं, चल बघायला. मी सहज म्हणून गेले, ती खरं धरून बसली. आठवड्याने फोनवर विचारते, ‘मंग कधी जायचं हौद बघायला?’

मुंबईहून निघून गोव्याकडे जाऊन परत येणारं एक जहाज आम्ही बघून ठेवलं. चौघं, दोन खोल्या. आण्णा नाही म्हणतील असं वाटलं होतं. पण त्यांनी दोन दिवस विचार केला आणि कळवलं, ‘येऊ. पर आमचं तिकीट आमचं.’ सोयाबीन विकून आलेले पैसे त्यांनी माझ्या खात्यात जमा केले आणि जमा झाले का म्हणून दोनदा विचारलं. म्हणजे जहाजावरची खोली त्यांची स्वतःची, जेवण त्यांचं स्वतःचं, जेवणाबरोबरचं पाणीही त्यांच्या तिकिटातलं. लेकीचं काही नाही. रीत शाबूत.

मग ज्यांच्याकडून तिकिटं काढली त्या लातूरच्या बुकिंगवाल्या बाईंनी फोनवर विचारलं, ‘मॅडम, ड्रिंक्सचं पॅकेज टाकू का? आत्ता घेतलं तर स्वस्त, जहाजावर गेल्यावर महाग.’ नियमही सांगितले. एका खोलीतल्या एकाने घेतलं तर दुसऱ्यालाही घ्यावं लागतं. एकाचं पेय दुसऱ्याला द्यायचं नाही, ज्याचं कार्ड त्याचंच पेय.

माझा नवरा गणिती माणूस नाही, पण त्याला हिशेब आवडतो. त्याने कागद घेतला. आण्णा गावाकडे दिवसातून किती चहा पितात? कुणी ओट्यावर टेकलं की एक, कुणी उठून गेलं की एक, बाजाराला गेले तर औशापर्यंत पोचेस्तोवर दोन. मायचं ताक-सरबत धरलं तर पॅकेज दणक्यात वसूल. ‘घेऊन टाक,’ तो म्हणाला.

‘अहो, पण ते पिणार नाहीत. पॅकेजचे पैसे माझे.’

मग त्याने कागद उलटा केला. ज्या माणसाला माझ्या हातचा घोटही घ्यायचा नाही त्याच्यासाठी हवं तितकं पिण्याचे पैसे भरायचे, हे काही केल्या परवडत नव्हतं. तो थोडा वेळ पेन चावत बसला आणि मग त्याला सुचलं. ‘त्यांना सांगायचंच कशाला? तिकिटातच आहे म्हणून सांग. त्यांचं तिकीट, त्यांचा चहा. बिनघोर पितील.’

मला ते इतकं आवडलं की मी उठून त्याच्यासाठी चहा ठेवला. चहा उकळता उकळता मात्र माझं डोकंही तापत गेलं. त्यांना वाटणार, हा जहाजाचा चहा. गुरुद्वाऱ्यात देवाचा, समुद्रावर जहाजाचा. म्हणजे इतक्या वर्षांनी आण्णा माझं काहीतरी पिणार आणि तेही माझं म्हणून पिणार नाहीत. मी बाहेर येऊन सांगितलं, पॅकेज घ्यायचं नाही.

‘अगं, त्यांनी प्यायल्याशी मतलब ना?’

‘मला पाजल्याशी मतलब आहे,’ मी म्हटलं.

त्याने तो कागद घडी करून खिशात घातला. त्याला माझा हा आवाज ओळखता येतो. पण पुढचा महिनाभर रोज जेवताना मी स्वतःच विषय काढायची. घ्यावं का? आण्णा दुपारी चहावाचून कासावीस होतील. नको, कशाला, खोटं बोलून पाजायचं. मग पुन्हा, म्हाताऱ्या माणसाला त्रास देऊन मला काय मिळणार? नवरा भाकरी मोडत ऐकून घ्यायचा. बुकिंगवाल्या बाईंचा शेवटचा फोन आला तेव्हा मी नाही म्हटलं आणि फोन ठेवल्यावर अर्धा तास पस्तावले.

आधार कार्डांच्या प्रती आणायला गावी गेले तेव्हा आण्णांना सरळ सांगितलं, की मधल्या वेळचा चहा तिथं विकत आहे. ते निवांत म्हणाले, ‘मंग थर्मास घेऊ.’

थर्मास घेतला. कॅनही घेतलं. निलंग्याहून औसा, औशाहून लातूर, लातूरहून रात्रीची गाडी, असं ते ओलं पोतं शिवलेलं कॅन मुंबईच्या बंदरापर्यंत आलं आणि तिथं तपासणीला अडलं. बाहेरचं पाणी, बाहेरचं पेय जहाजावर न्यायचं नाही, असा नियम. तिथला माणूस नम्रपणे सांगत होता आणि आण्णा तितक्याच नम्रपणे त्याला समजावत होते, ‘साब, खाली पानी है. हमारे बोर का पानी है. पी के देखो.’ मागे रांग वाढत चालली होती, कुणाकुणाच्या कपाळावर गॉगल आणि अंगात फुलाफुलांचे सदरे. मला एरवी लाज वाटली असती. पण कॅनवर हात ठेवून उभे राहिलेले आण्णा बघून मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. शेवटी त्यांनी ते भिंतीकडेला नेऊन ठेवलं, झाकण घट्ट आहे का बघितलं, आणि रांगेत परत आले.

‘येताना मिळंल का?’ त्यांनी मला विचारलं.

‘नाही मिळणार, आण्णा.’

‘असू दे. कुनीतरी पिईल.’

जहाजावर माय हौद बघून आली आणि तृप्त झाली. तलावाच्या कडेला लुगडं सावरून बसायची, पाय पाण्यात सोडायची आणि पोहणाऱ्यांना बिनधास्त न्याहाळायची. आण्णांना मात्र पहिल्या संध्याकाळपासूनच काय करावं कळेना. जहाजाला बांध नाही, ओटा नाही, येणारंजाणारं कुणी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला त्यांनी तीन कप चहा घेतला, पुढची बेगमी करावी तसा. पण नाश्त्याचा हॉल बंद झाला आणि दुपारचं जेवण होईतो त्यांचं डोकं धरलं. जन्मभर तासा-दोन तासाला चहा घेणारा माणूस तो. डोक्याला दस्ती करकचून बांधून वरच्या मजल्यावर एका लांब खुर्चीत डोळे मिटून बसले. थर्मास जवळच होता, रिकामा. नाश्त्याच्या हॉलमधून तो भरून आणायचं मायने सुचवलं होतं. ते त्यांना पटलं नव्हतं. पंगतीत बसून खावं, घरी बांधून नेऊ नये.

मी जरा लांब बसून होते. पॅकेज घेतलं असतं तर आत्ता जाऊन कप आणून हातात दिला असता, असं मनात शंभरदा आलं. कुणाचा का असेना, चहा मिळाला असता. माझ्या हट्टापायी माझा बाप डोकं बांधून बसलाय, हे मला बघवेना.

तेवढ्यात आण्णा उठले. तोल सावरत चहा-कॉफीच्या काउंटरपाशी गेले, बंडीच्या आतल्या खिशातून नोट काढली आणि काउंटरवरच्या मुलीपुढे धरली. ‘एक च्या दे, बाई.’

‘सर, कार्ड?’ ती म्हणाली. जहाजावर रोख पैसे चालत नव्हते. खोलीचं कार्ड दाखवायचं, चिठ्ठीवर सही करायची, पैसे शेवटी कापले जायचे. दोन्ही खोल्यांची कार्डं चढतानाच माझ्या बँकेच्या खात्याला जोडली होती. हे आण्णांना कुणी नीट सांगितलं नव्हतं.

‘नोट असली है,’ आण्णा म्हणाले.

ती मुलगी हसली, कार्डाचं पुन्हा समजावू लागली. आण्णांनी नोट घडी करून खिशात ठेवली आणि वळले. वळले तर मागे मी.

खोटं कशाला सांगू, क्षणभर वाटलं की गप्प बसावं. आता त्यांच्यापुढे दुसरा रस्ताच नाही, माझ्या कार्डावर प्यावंच लागेल. पण मला तसंही नको होतं. मी म्हटलं, ‘आण्णा, खाली ऑफिस आहे. तिथं रोख भरली की तुमच्या कार्डावर जमा करून देतात. मग तुमचा चहा तुमच्या पैशाचा. चला, मी नेते.’

ते माझ्याकडे बघत राहिले. मग खुर्चीकडे गेले, बसले, आणि शेजारच्या खुर्चीवर हात आपटला. म्हणजे बस.

‘ह्या कार्डावर घेतलं तर कुनाचे पैशे जातात?’

‘माझे.’

‘तुझे का पाव्हण्यांचे?’ पाव्हणे म्हणजे जावई.

‘माझ्या पगारातले.’

त्यांनी मान हलवली. मग डोक्याची दस्ती सोडली आणि तिच्या घड्या घालत बोलायला लागले. मी जन्मात त्यांना एका दमात इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

‘तुझ्या मनात राग हाय, बाई. मला कळतं. असू दे. तुला वाटतं, बाप रीतीला चिकटून बसला. रीत मोडायला काय लागतं? गिलास उचलला की मोडली. पर तू दवाखान्याच्या खेपा करून राहिली होतीस. दर साली मी म्हनायचो, औंदा व्हईल. मी मधीच पानी पिलो असतो तर तुला काय वाटलं असतं? बापानं बी आस सोडली. गावानं सोडली तर सोडू दे. पाव्हण्या-रावळ्यानं सोडू दे. बापानं कशी सोडावी?’

इतकी वर्षं त्या कॅनकडे बघून मला वाटत आलं होतं, की हा माणूस मला दर खेपेला आठवण करून देतोय, तुला लेकरू नाही, तुला लेकरू नाही. आणि तो ते कॅन उचलून आणायचा ते उलट सांगायला. होईल, अजून होईल. निलंग्यापासून नांदेडपर्यंत, एसटीत मांडीवर धरून.

‘पण आण्णा, इतकी वर्षं?’

‘मी वाट बघून राहिलो होतो. तू सांगशील म्हनून.’

‘काय सांगेन?’

‘की आता बास.’

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की आम्ही थांबलो हे आण्णांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी मायला सांगितलं होतं आणि माय त्यांना सांगेल असं धरून चालले होते. मायला वाटलं, लेकीच्या पोटातलं बोलणं पुरुषमाणसापाशी कशाला काढायचं. नवऱ्याला वाटलं, सासऱ्यांशी हा विषय बोलायचा नसतो. आमच्याकडे अदब इतकी, की तिच्यापायी एक म्हातारा माणूस वर्षानुवर्षं आपलं पाणी सोबत घेऊन हिंडत राहिला.

‘बास, आण्णा,’ मी म्हटलं. ‘आम्ही कधीच थांबलो. आता होणार नाही. पण आम्ही बरे आहोत. खरंच बरे आहोत.’

माझा आवाज फुटला. बरं असूनही फुटला. आण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही. घडी घातलेली दस्ती उलगडून त्यांनी तोंडावरून फिरवली, पुन्हा घडी घातली. समुद्रावर ऊन होतं, मायचा हौद खालच्या मजल्यावर कल्ला करत होता. मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. माझ्या लग्नात सासरी पाठवताना ठेवला होता, त्यानंतर आत्ता.

‘ऑफिसात नको जायला,’ ते म्हणाले. ‘जा बाई, च्या आण. तुझ्याच कार्डावर आण.’

मी काउंटरवर गेले. त्या मुलीने चिठ्ठी पुढे केली, मी सही केली. कप घेऊन आले. गरम पाण्यात बुडवलेली पुडी, वेगळं दूध, वेगळी साखर. असला चहा आण्णांनी घरात कुणी केला असता तर गुरापुढे ओतला असता. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, फुंकर मारली आणि घोट घेतला. मी त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होते.

‘माझ्याकडं काय बघतीस?’ ते म्हणाले. ‘समुद्र बघ की. तेवढ्यासाठी पैशे भरलेत.’

थोड्या वेळाने माय पाय पुसत वर आली. आण्णांच्या हातातला कप तिने बघितला, माझे डोळे बघितले, आणि शेजारी बसली. मग म्हणाली, ‘अन् मला?’

पुढच्या प्रवासात मी चहाच्या चिठ्ठ्यांवर सह्या करत सुटले. आण्णा पाणी जेवणाच्या वेळी हॉलमध्येच प्यायचे, पण चहाला मला हाक मारायचे, लांबून, सगळ्या गॉगलवाल्यांच्या देखत. उतरायच्या दिवशी बिल हातात आलं. नवऱ्याने ते बराच वेळ वाचलं आणि पॅकेज घेतलं असतं तर पुष्कळ स्वस्तात पडलं असतं हे मला साधार सिद्ध करून दाखवलं. मी म्हटलं, पडलं असतं. वाद घातला नाही, तर तोच जरा घाबरला.

लातूरला उतरून ते दोघं गावी गेले, आम्ही नांदेडला आलो. माझ्या मनात एक धाकधूक राहिली होती. समुद्रावर गोष्ट निराळी. तिथं ना गाव, ना गावची माणसं. विकतचा चहा पिणं वेगळं आणि लेकीच्या उंबऱ्याच्या आत येऊन पाणी पिणं वेगळं. शिवाय बोललेलं सगळं जहाजावरच राहिलं. त्यानंतर फोनवर आमचं बोलणं पुन्हा पाऊस पडला का, तूर कशी आहे, एवढ्यावर आलं होतं.

तूर निघाल्यावर आण्णा आले. रविवार होता, नवरा पेपर वाचत होता, मी दार उघडलं. एका हातात डाळीची पिशवी होती. मी दुसऱ्या हाताकडे बघितलं. दुसरा हात मोकळा होता.

ते आत आले, पिशवी भिंतीशी टेकवली, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि नेहमीच्या खुर्चीत बसले. मी उभीच. काय करावं सुचेना. पेला घेऊन पुढे व्हावं तर इतक्या वर्षांत ती सवयच मोडलेली.

‘उन्हाचा आलोय, बाई,’ आण्णा म्हणाले. ‘पानी आण की.’

मी तांब्या-पेला आणला. माठातलं, गार. त्यांनी पेला हातात घेतला, मान वर केली आणि वरून धार धरून सगळा संपवला. घशाची घाटी वर-खाली होताना मी बघत होते. नवऱ्याने पेपर तोंडासमोर धरला होता.

आण्णांनी हाताच्या पालथ्याने मिशा पुसल्या.

‘जड हाय तुमच्या नांदेडचं पानी,’ असं म्हणून त्यांनी पेला पुन्हा माझ्यापुढे धरला.